परदेशी मदतीने विदर्भातली धोकादायक बालमजुरी थांबेल का?

थांबेल, पण पैसा घरापर्यंत पोचला तर. बालमजुरी थांबवण्याच्या 'इंडस' प्रकल्पात अमेरिकेचं कामगार खातं आणि भारत सरकारने निम्मे-निम्मे, मिळून ४ कोटी डॉलर घातले. अमरावती, गोंदिया त्यात होते. नुसत्या धाडी नव्हत्या. लहानांना शाळेत आणणं, थोड्या मोठ्यांना हातचं काम शिकवणं, आईला बचतगट. माझ्या मते आईचा बचतगटच महत्त्वाचा, कारण घरात पैसा नसेल तर सोडवलेलं पोरगं पुन्हा कापूस वेचायला जातंच.

कीटकनाशक फवारणीचं मात्र वेगळं. २०१७ मध्ये यवतमाळात विषबाधेने मोठी माणसं दगावली. त्याच वर्षी भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा धोकादायक बालमजुरीविरुद्धचा करार १८२ स्वीकारला. तिथे मदतीची वाट कशाला? पोराच्या पाठीवर पंप दिसला की मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ नंबर लावा.