अँटीव्हायरसचे ५,४०० रुपये: भरावेत की नाही?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घरी विंडोज ११ चे दोन लॅपटॉप आहेत आणि यजमानांचा २०१६ सालचा डेस्कटॉप, त्यावर विंडोज १०. गेली सहा वर्षं न चुकता अँटीव्हायरस रिन्यू करतो. आता दुकानदार म्हणतो, तिन्ही मशिनांचं तीन वर्षांचं पॅक ५,४०० रुपयांत घेऊन टाका, पुढे भाव वाढेल. पुण्याचा मुलगा म्हणतो, एक रुपयाही घालू नका. नेट बँकिंग, एफडी, म्युच्युअल फंड, सगळं याच मशिनांवर चालतं, म्हणून धाकधूक होते. काय करू?

उत्तर: नमस्कार ताई,

पॅक घेऊ नका. पण एक रुपयाही घालू नका, हे तुमच्या मुलाचं म्हणणंही मला पटत नाही. ५,४०० रुपये बाजूला काढाच, ते दुसऱ्या कामाला लागणार आहेत.

अँटीव्हायरस विकत घ्यायची सवय आपल्याला जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात लागली. पेनड्राइव्ह फोटो स्टुडिओत जाऊन आला की सोबत व्हायरस घेऊनच यायचा, आणि विंडोजकडे स्वतःचं काही नव्हतं. तेव्हा तो खर्च योग्यच होता. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकरांनी पुण्यात क्विक हील ही अँटीव्हायरसची कंपनी उभी केली, ती याच गरजेतून. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो. त्याला आता मायक्रोसॉफ्ट डिफेंडर म्हणतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत, रिन्यू करणं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची संस्था अशा सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. तिथे संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण डिफेंडरने अलीकडे वरचेवर मिळवले आहेत.

तुमच्या लॅपटॉपवर तो सध्या गप्प असणार, कारण दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो. तो दुसरा काढून मशिन रीस्टार्ट केलं की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा आणि उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण दिसली की झालं. मुदत संपलेलं जुनं पॅक मात्र मशिनवर तसंच पडू देऊ नका.

आता तुमच्या धाकधुकीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. सुदामानगरातले माझे एक अशील, वय एकाहत्तर, यांना बँकेतून बोलतोय असं सांगणारा फोन आला. केवायसी संपलंय, हे ॲप टाका, स्क्रीनवरचा नऊ आकडी नंबर सांगा. त्यांनी सांगितला. पुढच्या वीस मिनिटांत खात्यातून ८४,००० रुपये गेले. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा होता, आणि खाली कोपऱ्यात पैसे भरून घेतलेल्या अँटीव्हायरसचं चिन्ह हिरवंगार होतं. त्याने काही चूक केली नव्हती. आपली स्क्रीन दूरच्या माणसाला दाखवणारं ते ॲप व्हायरस नाहीच, आपल्या ऑफिसांत रोज वापरतात. दार आतून उघडलं गेलं होतं. काका तोवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘मी तर दरवर्षी पैसे भरतो.’ ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

यात पैशाचा नियमही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. पण ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. अँटीव्हायरस होता की नव्हता, हे तिथे फारसं कामाला येत नाही. म्हणून १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवा आणि बँकेचा नंबर कार्डाच्या मागचाच वापरा, गूगलवर शोधलेला नको.

तुमच्या घरात मला काळजी आहे ती यजमानांच्या डेस्कटॉपची. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नोंदणी केलेल्या घरगुती मशिनांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ, असं तेव्हा जाहीर केलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, २०१६ चं मशिन त्यात बसत नाही. दुकानदार म्हणेल, मग तर अँटीव्हायरस हवाच! पण विंडोजमधलं भगदाड अँटीव्हायरस बुजवत नाही, ते अपडेटच बुजवतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. ज्या वाटेने तो शिरला ती बंद करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने ज्यांनी तो टाकला नाही, तेच सापडले.

तेव्हा डेस्कटॉपवरून बँक, फंड, डिमॅट, सगळं आजपासून बंद. पत्ते, जुनी गाणी, मंडळाच्या पत्रिकांचं टायपिंग एवढंच त्यावर राहू द्या. बँकेचं काम एकाच लॅपटॉपवर करा.

५,४०० रुपयांत काय घ्यायचं? एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क. भाव वर-खाली होत असतो, थोडे जास्तही लागू शकतात. फंडांची स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, मृत्युपत्राची स्कॅन प्रत, नातवंडांचे फोटो महिन्यातून एकदा त्यावर उतरवा आणि लगेच वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढायची आठवण दोघांनी एकमेकांना द्या, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. उरलेच काही पैसे, तर ते नव्या मशिनच्या आरडीत जाऊ देत.

विकतचा अँटीव्हायरस मी कुणाला सुचवतो? घरूनच करसल्ल्याचं काम करणाऱ्याला, ज्याच्याकडे शंभर लोकांचे पॅन आणि आयटीआर आहेत. किंवा ज्या घरात फुकटातलं डीटीपीचं सॉफ्टवेअर नाहीतर गेम उतरवणारं कुणी आहे. (तिथेही पॅक किती उपयोगी पडेल कोण जाणे, अशा चोरट्या कॉपीसोबतच्या सूचनांची पहिली ओळच असते: अँटीव्हायरस बंद करा.) तुमचं घर या दोन्हींत बसत नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. जुनं पॅक कार्डावर असेल तर कंपनीच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. १५,००० रुपयांपर्यंतची अशी वसुली पहिल्या मंजुरीनंतर ओटीपीशिवाय होते, फक्त निदान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो आणि त्यातून नकार देता येतो. तो मेसेज वाचल्याशिवाय पुसू नका. आणि पॅक काढल्यावर ‘तुमचा अँटीव्हायरस रिन्यू झाला, पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा’ अशी मेल आली, तर फोन न करता ती मुलाला पाठवून द्या.