सरदारपुत्राच्या हातात तलवार देण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पाच प्रकरणं वाचली. समुद्रावरचं ते काल्पनिक राज्य मनापासून आवडलं आणि कुणालाही आव्हान द्यायला उठणारा तो धाकटा सरदारपुत्रही. पाच प्रकरणांत तो चार द्वंद्वं लढतो. पण जिंकून त्याच्या पदरात काय पडणार आणि हरला तर काय जाणार, हे एकदाही कळत नाही. म्हणून आधी त्याचा जमाखर्च मांड.

मराठेशाहीत वतन, म्हणजे गावातल्या हुद्द्याचा वा जमिनीचा हक्क, वंशपरंपरेने चालायचं. सरंजाम, म्हणजे नेमून दिलेल्या मुलखाचा महसूल, मात्र फौज बाळगण्यासाठी दिलेला असायचा. सरंजामदार वारला की तो पुढे चालवायचा की नाही हे दरबार ठरवायचा आणि वारसाला त्यासाठी नजराणा मोजावा लागायचा. हीच व्यवस्था तुझ्या राज्यात आण. वतन थोरल्याकडे, बाप अंथरुणाला खिळलेला, सरंजाम जप्तीच्या वाटेवर आणि नजराण्याची रक्कम धाकट्याच्या आवाक्याबाहेर. दुसरं म्हणजे, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर यांच्या मानात मोठा फरक होता. तुझा नायक पैजेत घोडा हरला, तर एका संध्याकाळी तो शिलेदाराचा बारगीर होतो. हे वाचकाला आधी माहीत असेल, तर पहिला वार होण्यापूर्वीच त्याचा जीव टांगणीला लागेल.

तुझा राजा द्वंद्वांकडे कानाडोळा करतो, ते मला पटत नाही. फ्रान्समध्ये 1626 मध्ये द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान निघालं. मोंमोरंसी-बुतव्हिल या नामांकित द्वंद्ववीराने ते मोडून पॅरिसच्या भर चौकात द्वंद्व केलं आणि 1627 मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. सरदार आपसात एकमेकांना मारतात, तेव्हा कुणाला जगवायचं आणि कुणाला नाही हा राजाचा हक्क ते हिसकावत असतात. तुझ्या नायकाला हे कळायला हवं. द्वंद्व जिंकून तो नाव कमावतो, पण त्याच नावामुळे राजाच्या नजरेतही येतो.

आता हत्यार. दुसऱ्या प्रकरणात त्याच्या हातात रेपियर ही युरोपी तलवार आहे, तिसऱ्यात दांडपट्टा, आणि दोन्ही तो सारख्याच पद्धतीने चालवतो. असं होऊ शकत नाही. रेपियरचं पातं एक मीटरच्या आसपास किंवा थोडं जास्त, वजन साधारण एक ते सव्वा किलो. ती मुख्यतः टोचायची तलवार आहे. मनगट आणि बोटं टोकाला दिशा देतात. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी दस्तान्यात जातो आणि मूठ पात्याला आडवी असते. त्यामुळे मनगट जखडलं जातं. वार कोपर, खांदा आणि कंबरेच्या फिरकीतून निघतो, आणि पातं लवचीक असल्याने तो घेराचा असतो. चारी बाजूंनी माणसं आली तर पट्टा उपयोगी. अरुंद बोळात, डोक्याला छत टेकणाऱ्या खोलीत तोच अडचण करतो. पट्टा चढवलेल्या हाताने दाराची कडी काढता येत नाही, दोर धरता येत नाही, आणि पट्टा झटकन टाकूनही देता येत नाही. तिसऱ्या प्रकरणात तू नेमकं त्याच हाताने त्याला दोर पकडायला लावलं आहेस.

मधला मार्ग हवा असेल तर फिरंग दे. युरोपातून आलेलं सरळ, लांब पातं आपल्याकडच्या मुठीत बसवलेलं. हाताभोवती संरक्षक परज, आणि मुठीच्या मागे निघालेला दांडा, ज्यावर दुसरा हात ठेवून जोराचा वार करता येतो. बंदरातल्या सरदाराला ती शोभतेही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, तिथे जाऊन मुठींसमोर उभा राहा. मुठीत किती जागा आहे ते बघ. बऱ्याच मुठी आजच्या हाताला घट्ट वाटतील.

सगळ्यात मोठी उणीव अंतराची आहे. तुझे दोघे लढवय्ये पानभर पात्यावर पातं आपटत उभे असतात. खरी झटापट एक-दोन सेकंदांची असते. बाकी सगळा वेळ अंतर चोरण्यात जातो. इमारतीच्या गच्चीवर खडूने रेघ मार. एपे या आधुनिक तलवारीची एकूण लांबी जास्तीत जास्त 110 सेंटिमीटर असते, तेवढी काठी घे. रेघेवर मागचा पाय ठेवून नुसता हात लांबव, काठीचं टोक जिथे पोहोचेल तिथे खूण कर. मग पुढचा पाय टाकून झेप घे, पुन्हा खूण कर. या दोन खुणांमधल्या जागेत द्वंद्व घडतं. झेपेत पुढचा गुडघा घोट्याच्या वर राहायला हवा; तो पंजाच्या पुढे गेला की माघारी येताना पाय उचलत नाही, आणि नवशिका तिथेच मरतो. समोर कुणाला उभं करू नकोस, काठी असली तरी डोळा जाऊ शकतो. नंतर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात ताणून धर. खांदा कधी थरथरायला लागतो ते पाहिलंस की लढता लढता अर्धं पान चालणारे संवाद तू आपणहून कापशील.

जखम झाली की तुझी माणसं लगेच कोसळतात. हृदयाला भोसकलेला माणूसही काही सेकंद शुद्धीवर असतो, म्हणजे आणखी एक वार करायला मोकळा असतो. म्हणून नुसतं टोचून भागत नाही. टोचायचं, त्याचं पातं अडवून धरायचं आणि मागे सरायचं. आणि उथळ जखम विसरू नकोस. धनुर्वात बहुधा आठवड्याभराने दिसतो, कधी तीन दिवसांत, कधी तीन आठवड्यांनी. आधी जबडा आवळतो. विजयी सरदारपुत्र दरबारात मुजऱ्याला उभा आहे आणि त्याला तोंड उघडता येत नाही, हा प्रसंग तुझ्या चारही द्वंद्वांपेक्षा भारी होईल.

जहाजावरच्या प्रकरणासाठी आंग्र्यांच्या आरमाराचा आधार घे. गुराब हे मोठं लढाऊ जहाज दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि सखल निघालेली. गलबत लहान, शिडांसोबत चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. गुराबेच्या निमुळत्या नाळेवरून शत्रूच्या जहाजावर उतरायचं तर माणसं थोडी-थोडीच पुढे सरकणार, आणि तिथे पहिला कोण हा तुझ्या नायकाच्या मानाचा खरा प्रश्न आहे. दोराला लटकून उडी मारायची हौस असेल तर तो दोर कशाला बांधला आहे ते आधी ठरव. शिडाचा ताणलेला दोर कापला तर परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, डोक्यावर येईल. काथ्याच्या दोरावरून घसरलं तर तळहात सोलतो, मग तलवार कशी धरणार? शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीचा मल्लखांब बघ. दोर हातांपेक्षा पायाचा अंगठा आणि मांड्या किती धरतात ते लक्षात येईल.

पावसाळाही तू विसरला आहेस. कोकण किनाऱ्यावर शिडाची जहाजं भर पावसाळ्यात बाहेर पडत नसत, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला व्हायचा आणि जमिनीवरच्या मोहिमा दसऱ्याला निघायच्या. कारस्थानं पावसात शिजव. त्या दमट हवेत लाकडी म्यान फुगतं, पातं अडकतं. ओली तलवार म्यानात गेली की गंज धरते. तेल लावायला नोकर ठेवण्याची ऐपत नसलेला सरदारपुत्र रात्री दार लावून स्वतः पातं पुसतो, हे एका वाक्यात लिहिलंस तरी पुरे.

चारपैकी दोन द्वंद्वं काढून टाक. उरलेल्या दोहोंपैकी पहिलं नजराण्यासाठी असू दे आणि दुसरं तुझ्या राजाने द्वंद्वबंदीचं फर्मान काढल्यानंतरचं. खर्डा दिवाळीपर्यंत पाठव, आणि सोबत गच्चीवर घेतलेली मापंही.

तुझा,
एक जुना तलवारबाज