नानांच्या पायाची सूज आणि बंद केलेली बीपीची गोळी

मी बीपी-शुगरच्या ओपीडीत समुपदेशक आहे. रोज निदान चार-पाच जण तरी हेच विचारतात, ताई बीपीची गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही ना, आणि किडनी पण जाते म्हणतात, मग सुरूच कशाला करायची? उत्तर एका वाक्यात देता येतं, पण एका वाक्याने कुणाला पटत नाही हा माझा अनुभव. म्हणून एका नानांचं सांगते. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

नाना पन्नाशी ओलांडलेले, चोपडा तालुक्यातले, केळीवाले. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन चार दिवस झालेले, बाहेर ऊन मरणाचं, मावशींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्यांना अक्षरशः ओढून आणलं होतं कारण दोनदा शेतात डोळ्यापुढे अंधारी आली होती. नाना आले ते घामाघूम, गालात तंबाखू, आणि सिस्टरने गर्दीत तसाच शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला, आकडा आला 182/106. मी म्हटलं थांबा, हा आकडा लिहू नका. चूळ भरून या, लघवीला जाऊन या, अर्धा तास तंबाखू नको चहा नको, मग पाठ टेकून पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा, बाही मोकळी करा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजलं, 168/102 आणि 166/100. म्हणजे धावपळीचा भाग गळून पडला, पण बीपी खरंच होतं. 140/90 च्या वर वेगवेगळ्या दिवशी सारखं येत राहिलं की त्याला बीपीचा आजार म्हणतात, आणि नानांच्या फाईलमध्ये तर वर्षभरापासूनची नोंद होती. आधी अम्लोडिपिन ही बीपीची गोळी 5 मिलीग्रॅमची, मग 10 ची, त्यावर 138/86 पर्यंत आलेलं, आणि मग गेले तीन महिने गोळीच बंद.

"ताई, माले काहीच व्हत नही, मंग गोयी कसाले?" नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने खरं कारण आलं. संध्याकाळी पायाला सूज यायची, चपलेचा पट्टा रुतायचा, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडायचा. गावातल्या कुणीतरी सांगितलं की ही किडनीची सूज आहे, गोळ्यांनी किडनी चाललीय तुझी. नानांनी गोळी बंद केली, पंधरा दिवसांत सूज गेली. झालं, आता त्यांना कोण समजावणार, त्यांनी स्वतः डोळ्याने बघितलं होतं ना.

इथे मी "गैरसमज आहे" असं म्हणत नाही कधी. कारण नानांचं निरीक्षण बरोबर होतं! सूज गोळीमुळेच होती. अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते, त्यामुळे दाब उतरतो, पण काहींना घोट्याजवळच्या बारीक वाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि पाय सुजतात, 10 च्या डोसला जास्त. त्याचा किडनी खराब होण्याशी संबंध नाही. किडनीचं बघायचं तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, पाय बघून किडनी कळत नाही. आणि याला उपाय आहे, डॉक्टर डोस कमी करतात किंवा सोबत दुसरी गोळी देतात. फक्त त्यासाठी पेशंटने येऊन सांगावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं.

मग मी पिशवी मागितली. मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगते, फक्त बीपीच्या नाही. नानांच्या पिशवीत अम्लोडिपिनची अर्धी स्ट्रिप होती, आणि खाली कागदाच्या पुडीत गुडघ्यासाठीच्या दुखण्याच्या गोळ्या. मेडिकलवरून सुट्या घेतलेल्या डायक्लोफेनॅक. रोज एक, कधी दोन, दोन वर्षं झाली! ती पुडी हातात घेऊन मला खरंच वाईट वाटलं, कारण बीपी वाढवणारी, बीपीच्या औषधाचा गुण कमी करणारी आणि किडनीला खरोखर त्रास देणारी गोळी ही होती, आणि भीती मात्र दुसरीची. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, अंगातलं पाणी कमी झालेलं, अशात ह्या गोळ्या किडनीला आणखी जड.

नाना ठिबकवाले, म्हणून मी त्यांच्याच भाषेत बोलले. नाना, मोटरचा दाब जास्त झाला तर नळी लगेच फुटते का? म्हणाले नाही, आधी जॉइंट सैल होतात, एक दिवस अचानक सुटतं. मी म्हटलं शरीरातले जॉइंट म्हणजे मेंदू, हृदय, किडनी, डोळ्याचा पडदा, आणि ते सैल होताना दुखत नाही. मग गोळ्या पण त्यांना समजल्या. अम्लोडिपिन नळी रुंद करते, टेल्मिसार्टन नळ्या आवळायला लावणारा शरीरातला संदेश अडवते, लघवीची म्हणतात ती गोळी जास्तीचं मीठ-पाणी बाहेर काढते, आणि अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल मोटरची, म्हणजे हृदयाची, गतीच कमी करते, म्हणून ही शेवटची तर कधीच झटक्यात बंद करायची नाही, हृदयावर ताण येतो. रामिप्रिल, एनालाप्रिल घेणाऱ्यांना कधीकधी कोरडा खोकला लागतो, तोही येऊन सांगायचा, औषध बदलून मिळतं.

सवयीचं म्हणाल तर ह्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. गोळीवर 130/80 आला तर तो आकडा गोळीने धरून ठेवलाय. अम्लोडिपिन शरीरात रेंगाळते, बंद केल्यावर काही दिवस बीपी बरं दिसतं आणि माणसाला वाटतं आजार गेला, मग हळूहळू चढतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होऊ शकतो, काहींची गोळी सुटतेही, पण ते मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीत.

हे सगळं नाना ऐकत होते, मान हलवत होते, पण मला दिसत होतं की आत काही पोचत नाहीये. म्हणून मी गोळी बाजूला ठेवली आणि विचारलं, नाना घरात आधी कुणाला बीपी होतं? बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मन्हा बाप गोया खातखातच गया." वडिलांना लकवा झाला, दोन वर्षं खाटेवर, सगळं नानांनी केलं. उशाला गोळ्यांची पाकिटं असायची, ते चित्र डोक्यात बसलेलं, गोळी म्हणजे खाट. तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, पण मामंजी गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचे, एरवी नाही. नानांनी मावशींकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही, बोलायची गरज नव्हती.

त्या दिवशी डॉक्टर सरांनी क्रिएटिनिन आणि लघवी तपासली, नशिबाने दोन्ही ठीक. अम्लोडिपिन परत 5 वर आणली, सोबत टेल्मिसार्टन 40, डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत. मावशींशी याबद्दल जरा जास्त बोलले, कारण आपल्या ताटात मीठ भाजीतून तर जातंच, पण लोणचं, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), शेव यातूनही जातं. भरीत-कळण्याची भाकरी खा ना पोटभर, वरून मीठ घेऊ नका, बिबडे रोज तळू नका. गोळी सकाळच्या चहाच्या डब्याशेजारी, आणि घेतली की कॅलेंडरवर टिक. अंधारी आली तर आधी बसायचं, पाणी प्यायचं, बीपी मोजून घ्यायचं, मनाने गोळी कमी-जास्त नाही.

दोन महिन्यांनी 134/84. चपलेचा पट्टा रुतत नाही म्हणाले. आणि लगेच विचारलंच, आता बंद करू का? मी कॅलेंडरवरच्या टिका बघायला मागितल्या, मावशींनी फोटो दाखवला, चार दिवस कोरे होते, लग्नाला गेले होते तेव्हाचे. बाकी सगळे भरलेले. मी म्हटलं नाना, आकडा ह्या टिकांमुळे आलाय. हसले. थोरल्या भावाला पण मोजायला आणलं होतं यावेळी, त्यांचं 158/96 निघालं, त्यांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. नानांची तंबाखू मात्र अजून तशीच आहे, त्यावर पुढच्या भेटीत बोलायचंय.