वाचक विचारतात: मेट्रो गॅसचे पाइप खाते का?

प्रश्न: आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाल्यापासून शेजारच्यांनी एकच धोशा लावलाय की मेट्रोचा करंट जमिनीत उतरतो आन् गॅसचे पाइप खातो. अहो रेल्वेपण विजेवरच चालते की, तेव्हा कोणी काही बोललं नाही. घाबरायचं का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण तुमच्या गल्लीपुरतं नाही. गल्लीत सहसा पिवळी प्लास्टिकची लाइन असते, तिला गंज लागायचा प्रश्नच नाही. काळजी असते ती शहराला गॅस आणणाऱ्या जास्त प्रेशरच्या स्टील लाइनची.

आता रेल्वेचं. रेल्वे 25 हजार व्होल्ट एसीवर चालते, त्यात करंटची दिशा सारखी उलटत राहते म्हणून धातू फार कमी झिजतो. इंदूरची मेट्रो 750 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर चालते, बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घेते आणि तो करंट चाकांखालच्या रुळांतूनच सबस्टेशनला परत जातो. रुळाखाली इन्सुलेशनचे पॅड असतात, पण धूळ, चिखल, पावसाचं पाणी साचलं की थोडा करंट जमिनीत निसटतोच, आणि मातीपेक्षा स्टीलचा पाइप त्याला सोपा रस्ता वाटतो. शिरतो तिथे सहसा काही बिघडत नाही हो, सबस्टेशनजवळ पाइप सोडून बाहेर पडतो तिथे लोखंड विरघळतं. एक अँपिअर वर्षभर असा बाहेर पडत राहिला तर साधारण 9 किलो लोखंड जातं! त्यात कोटिंग उत्तम असून एकच बारीक ओरखडा असेल तर आणखी वाईट, सगळा करंट तिथूनच निघतो आणि सरळ भोक पडतं.

म्हणून अशा लाइनींना कॅथोडिक प्रोटेक्शन देतात, म्हणजे मातीतून पाइपकडे थोडा करंट सतत येत राहील अशी सोय करतात, मग लोखंड विरघळत नाही. रस्त्याकडेला टेस्ट पोस्ट असतात, म्हणजे पाइपला जोडलेली वायर आत असलेले छोटे खांब, तिथे ओल्या मातीवर कॉपर सल्फेटचा हाफ सेल (तुलनेसाठी वापरायचा ठरावीक व्होल्टेजचा इलेक्ट्रोड) टेकवून त्याच्या आणि पाइपच्या मध्ये मीटर लावतात, रीडिंग उणे 850 मिलीव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवं. डीसी मेट्रोजवळ मात्र गाडी आली-गेली की आकडा नाचतो, शेवटची गाडी गेल्यावरच स्थिर होतो, म्हणून लॉगर (आपोआप रीडिंग नोंदवत राहणारं यंत्र) 24 तास ठेवावा लागतो. दुपारी एकदा जाऊन रजिस्टरात आकडा लिहिला, झालं काम, याला माझ्या मते काही अर्थ नाही. करंट निसटतच असेल तर डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तो पाइपमधून वायरने सबस्टेशनला परत नेतात, मातीतून जाऊच देत नाहीत.

घाबरू नका. फक्त त्या टेस्ट पोस्टला कोणी बॅनरची दोरी बांधत असेल किंवा गाडी रिव्हर्स घेताना ठोकली असेल तर गॅस कंपनीला कळवा, आतली वायर तुटली की तिथलं रीडिंगच मिळत नाही.