मासे साफ करायला इलेक्ट्रिक फिले नाइफ (माशाचं मांस काट्यावेगळं करणारी, दोन जोडपात्यांची विजेची सुरी) घ्यावी का? (अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो, पर्च आणि वॉलआय हे गोड्या पाण्यातले मासे पकडतो)

एका वेळी वीस-पंचवीस पर्च साफ करायचे असतील तर जरूर घ्या. दोन-चार माशांसाठी साधी लवचिक सुरीच बरी, धुवायलाही सोपी.

घरी ओट्यावर काम असेल तर वायरवाली घ्या, ताकद कमी पडत नाही. बोटीवर बॅटरीची. पातं ७-८ इंचाचं पुरे.

खरी गोष्ट हाताची आहे. कल्ल्यामागे मधल्या काट्यापर्यंत कापा, काटा लागला की थांबा, पातं आडवं करून काट्यालगत शेपटीपर्यंत न्या. शेपटीपाशी कातडी तोडू नका. तुकडा उलटा पाडा आणि कातडी व मांसामधून पातं सरकवा. कातडीच जाते, म्हणून खवले काढायची गरज नाही. जोर लावू नका, दोन्ही पाती आपापसांत घासत कापतात. बरगड्यांचे काटे मात्र मी साध्या सुरीनेच काढतो, मशीनने मांस फार वाया जातं.

दुसऱ्या हातात सहज न कापला जाणारा (कट-रेझिस्टंट) हातमोजा हवाच. पाती बदलताना प्लग काढा.

गावी न्यायचा विचार असेल तर सोडा: तिकडच्या वायरवालीची १२० व्होल्टची मोटर इथल्या २३० वर जळेल. शिवाय सुरमईच्या काट्यासकट तुकड्यांना आपली विळीच लागते.