‘चेक’ आणि ‘शह’ यांचे नाते

बँकेचा ‘चेक’, शर्टावरचे ‘चेक्स’ आणि ‘चेक करणे’ म्हणजे तपासणे, हा एकच शब्द आहे की उच्चारापुरते सारखे असलेले तीन निराळे शब्द, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. शब्द एकच आहे आणि त्याचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर सापडते.

फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात आणि राजावर मारा झाला, की तोच शब्द उच्चारून प्रतिपक्षाला सावध केले जाई. अरबी व मध्ययुगीन लॅटिन अशा वळणांनी तो जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. त्याच्याच अनेकवचनापासून ‘चेस’ हे खेळाचे नाव आले. मराठीने हाच शब्द ‘शह’ म्हणून घेतला. शह बसला की इतर सर्व बेत बाजूला ठेवून आधी राजाची सोडवणूक करावी लागते, म्हणून ‘चेक’ला अडवणे, आवर घालणे हे अर्थ आले आणि आवर घालण्यासाठी पडताळणी आवश्यक असल्याने पुढे तपासणे हाही अर्थ रुजला. मराठीतला शह मात्र काटशहाला जोडीला घेऊन राजकारणात रमला, तपासणीकडे वळला नाही.

चौकड्यांची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिनदार असलेल्या रिचर्ड फिट्झनीलने हिशेबाच्या मेजाचे वर्णन लिहून ठेवले आहे: सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, कडेला चार बोटे उंच काठ आणि वर रेघा आखलेले काळे कापड. त्या रकान्यांत सोंगट्या मांडून शेरीफांकडून, म्हणजे परगण्यांतल्या राजाच्या अधिकाऱ्यांकडून, येणे असलेल्या रकमांचा हिशेब होई. ते मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून पटाचे ‘एस्चेकिएर’ हे नाव खात्यालाच मिळाले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. चौकड्यांच्या कापडाचे ‘चेक्स’ हे नावही पटाच्या याच शब्दातून आले.

बँकेच्या चेकचा उगम मात्र पडताळणीच्या अर्थात आहे. बनावट हुंड्यांना आळा घालण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीला अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणत आणि कालांतराने ते नाव मूळ धनादेशाला लागले. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे त्याचे स्पेलिंग वेगळे झाले, ते ‘एक्स्चेकर’च्या प्रभावामुळे, अमेरिकेत बँकेचा चेक आणि तपासणीचा चेक आजही एकाच स्पेलिंगने लिहिले जातात.