भरपूर वाचूनही माझी गोष्ट दोन पानांत का अडते?

तुम्ही लिहिलंय की वाचन रोजचं आहे, गोष्टी सुचतातही, पण लिहायला बसलं की दोन पानांत सगळं थांबतं. आणखी काय वाचू? माझ्या मते आणखी काही नको. जे वाचताय तेच कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

मी ठाण्यात, चरईत वाढले. आजीला मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनची तिला धास्ती होती. म्हणून शाळेतून आलं की तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. पुस्तकं मराठी ग्रंथसंग्रहालयातली. १८९३ साली ते सुरू करणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा विशीतले होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारं ‘महाराष्ट्र सारस्वत’ त्यांनी पुढे लिहिलं. आधी पुस्तकं जमवली, मग लेखन, हा क्रम मला फार आवडतो.

आजी ऐकताना तांदूळ निवडत बसायची. गोष्ट रंगली की तिची बोटं ताटात तशीच थांबायची. लेखक पाल्हाळ लावू लागला की खडे भराभर बाजूला पडायचे. ती तोंडाने काही बोलायची नाही, पण कुठल्या पानावर गोष्ट सुटली ते मला तिच्या हातांवरून कळायचं.

एकदा कंटाळून मी माडीचं वर्णन असलेलं अख्खं पान गाळलं. पुढे नायिकेच्या हाती एक जुनं पत्र लागलं, तशी आजी म्हणाली, "हे पत्र आलं कुठून? मधलं खाल्लंस तू." मागे जाऊन पाहिलं, तर त्याच पानात कोनाड्यातल्या डब्याचा उल्लेख होता. पुढे ज्याची गरज पडणार ते आधी सहज दाखवून ठेवायचं असतं, हे मी त्या दुपारी शिकले. लिहिण्याबद्दलचं इतकं उपयोगी मला नंतर कुणी सांगितलेलं नाही.

तिचा कान कीर्तनांनी तयार झाला होता. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग बुवांना बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. ऐन प्रसंगात बुवा कथा थांबवून पद म्हणतात; श्रोता अडकलेला असतो, त्यामुळे उठत नाही. कुठे थांबायचं हे त्यांना समोरच्या चेहऱ्यांवरून समजतं. आपण एकटेच मनात वाचतो, तेव्हा नेमकं हेच हाती लागत नाही.

आता आजी नाही. मी नोकरीला ऐरोलीला जाते, सकाळच्या ट्रान्सहार्बरने. आदल्या रात्री लिहिलेलं फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करते आणि गाडीत ऐकते. दिघा गाव येईपर्यंत जिथे जिथे माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं, तो मजकूर रात्री पुन्हा लिहायला घेते. बऱ्याचदा तिथे मी पात्राला बाजूला सारून स्वतःच बोलत असते.

तुमची ती दोन पानंही अशीच वाचून दाखवा. फक्त ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी काम असू द्या: मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, काहीही. नुसतं समोर बसलेलं माणूस भिडेखातर शेवटपर्यंत ऐकून घेतं.